मात्सुयामा: जपानमधल्या एका अनोळखी शहरात एकटीने

रानजाई

लोकहो, हा धागा मात्सुयामातून लिहितेय. टोकियो-क्योतोवरचे धागे ढिगाने आहेत, या गावावर एकही सापडला नाही. म्हटलं, आपणच काढावा.

जपानच्या चार मोठ्या बेटांतलं सगळ्यांत लहान ते शिकोकू आणि शिकोकूवरचं सगळ्यांत मोठं शहर मात्सुयामा. वस्ती साधारण पाच लाख, एहिमे प्रांताचं मुख्य ठिकाण. शिकोकूवर शिंकान्सेन नाही. त्यामुळे रेल्वे पास वसूल करायला धावणारी मंडळी इकडे फारशी फिरकत नाहीत. मी आले ती हायकूपायी. शिरीष पैंचे हायकू कॉलेजात वाचले, तेव्हापासून मासाओका शिकी हे नाव डोक्यात बसलं होतं. हायकूला आजचं रूप देणारा हा माणूस १८६७ साली इथे जन्मला आणि पस्तिशी गाठायच्या आत क्षयाने गेला. घरच्यांना जपान म्हणजे फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन. मला हे गाव बघायचं होतं. व्हीआरएसचे पैसे माझे, त्यामुळे वाद फार चालला नाही.

हिरोशिमाहून बोटीने आले. जलद बोट सत्तरेक मिनिटांत आणून सोडते. संथ फेरीला अडीच तासांहून जास्त लागतात आणि तिकीटही कमी. संथच घ्या. सेतोच्या समुद्रात बेटांमागून बेटं येत राहतात, डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं, कोणी हटकत नाही. बंदरावरून बसने ताकाहामा स्टेशन आणि तिथून लोकल. इथल्या इयोतेत्सु कंपनीच्या गाड्या, ट्राम, बसेस, सगळं नारिंगी. एहिमे हा मिकान संत्र्यांचा प्रांत, म्हणून तोच रंग.

मात्सुयामा नावाची स्टेशनं दोन आहेत बरं का. एक जेआरचं (जपान रेल्वेचं), दुसरं इयोतेत्सुचं 'मात्सुयामा-शी'. बाजार, दुकानं, गर्दी सगळी दुसऱ्याच्या बाजूला. 'स्टेशनजवळ' एवढंच वाचून हॉटेल ठरवू नका, कुठलं स्टेशन ते बघा. मी ओकाइदो या छपराच्या बाजारपेठेजवळ उतरले आहे.

दिवस छान जातो. खरी पंचाईत संध्याकाळी. नोव्हेंबरात पाचला अंधार पडतो. ऑफिसं सुटतात, घोळके इझाकायांत (दारू-खाण्याच्या छोट्या हॉटेलांत) शिरतात, बाहेर हाताने लिहिलेली मेन्यूची पाटी, त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. ओकाइदो आणि गिन्तेन्गाईमधून उगाच फेऱ्या मारल्या आणि शेवटी खोलीत बसून केळी खाल्ली. दिवसभरात 'आरिगातो' (धन्यवाद) सोडून तोंडातून शब्द नाही.

तर जाणकारांना विचारायचंय: एकटीने जेवायचं काय आणि कुठे? दोगो या गरम झऱ्यांच्या भागातल्या सार्वजनिक स्नानगृहात जायचं धाडस करावं का? आणि जवळ यात्रेचं एक देऊळ आहे म्हणतात, कोणी गेलंय का?

प्राजक्ता_बदलापूर

वा! वाचनखूण साठवली. फोटो टाका ना. एकटीने म्हणजे अगदी एकटीने? ग्रेटच.

टोकियोकर

ताई, स्वागत. मी निशी-कासाईत राहतो, म्हणजे तसा अर्धा मुंबईतच :) कंपनीच्या कामाने मात्सुयामाला बऱ्याचदा येणं होतं.

जेवणाचं आधी. मांसापेक्षा मोठी अडचण दाशीची. माशाचा अर्क. सुक्या बोनितोचा किंवा शिकोकूकडे बारक्या सुकटीचा. उदोनचं (जाड शेवयांचं) पाणी, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, बऱ्याचदा अंड्याच्या वळकटीतसुद्धा तो असतो. 'मासे नकोत' म्हटलं तर मासे काढून देतील, दाशी राहील. तो त्यांच्या हिशेबी मासा नाहीच. हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत करून ठेवा: 'निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देस.' (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही.) निम्म्या ठिकाणी हात जोडून नाही म्हणतील. त्यात अपमान नाही. उलट खोटं सांगून वाढत नाहीत याचं समाधान माना.

पोट भरायला: सेव्हन इलेव्हन किंवा लॉसनमध्ये नुसत्या मिठाचा ओनिगिरी (भाताचा गोळा) मिळतो, उकडलेली अंडी, थंड तोफू, दही, ब्रेड. उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी घेताना मागचं लेबल कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. गावातल्या सुपरमार्केटात संध्याकाळी सातनंतर तयार खाण्यावर निम्म्या किमतीची स्टिकरं लागतात, तेव्हा जा. आणि जपानच्या बहुतेक शहरांत नेपाळी मंडळींची 'भारतीय' हॉटेलं असतात. डाळ-नान मिळेल, नान उशीएवढा असेल, थोडा गोड लागेल. तक्रार करू नये.

कुत्सित_काका

इतक्या लांब जाऊन क्योतो सोडलं आणि कुठल्या तरी तालुक्याच्या गावात केळी खात बसलात. विमानभाडं कसं वसूल होणार? शिकोकू म्हातारपणी करायचं असतं.

रानजाई

काका, मी ५६ वर्षांची आहे, अजून किती थांबू? :)

क्योतोत खांद्याला खांदा लावून लाल कमानींचे फोटो काढणाऱ्यांचे व्हिडिओ पाहूनच दमले. इथे ट्राममध्ये बसायला जागा मिळते आणि ड्रायव्हर थांब्याचं नाव मला दोनदा सांगतो. भाडं वसूल व्हायला आणखी काय लागतं?

टोकियोकर, फार आभार. वाक्य फोनमध्ये टाकलं. एका छोट्या हॉटेलात दाखवलं तर मालकीणबाई आत गेल्या, बाहेर आल्या, भात, तळलेला तोफू, लोणचं आणि मीठ लावलेली काकडी असं ताट मांडलं. मिसोची वाटी दाखवून स्वतःच मानेने नाही म्हणाल्या आणि परत नेली.

वैशाली_ओसाका

दोगोबद्दल मी सांगते, मला नऊ वर्षं झाली जपानात. जाच. सगळं सांगते म्हणजे दारात घुटमळायला नको.

चपला दाराशीच काढून कप्प्यात ठेवायच्या. तिकीट काढायचं, नुसत्या अंघोळीचं सगळ्यांत स्वस्त. पडदा बघून बायकांच्या बाजूला शिरा, घाई करू नका. कपडे सगळे काढायचे, सगळे म्हणजे सगळे, पोहण्याचा पोशाख चालत नाही. सोबत फक्त हातरुमालाएवढा टॉवेल. आत गेल्यावर आधी भिंतीकडच्या नळापाशी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, फेस पूर्ण जाऊ द्यायचा, मगच कुंडात. केस वर बांधा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, आपल्याला कडकच वाटतं. दोन-चार मिनिटं बसून बाहेर या, पुन्हा जा. चक्कर येईपर्यंत बसू नका, पहिल्यांदा येणारे हेच करतात.

लाजेचं म्हणाल तर पहिली पाच मिनिटं. मग लक्षात येतं की कोणीही बघत नाहीये. सगळ्या आपापल्या टाचा घासण्यात गर्क असतात.

निशाचर

पुरुष असल्याने वरच्या प्रतिसादात भर घालता येत नाही, पण एक गंमत. पुरुषांच्या कुंडाशी 'बोच्चान, पोहू नये' अशा अर्थाची पाटी आहे. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये इथे शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून आला, वर्षभरात गेला आणि १९०६ मध्ये 'बोच्चान' ही कादंबरी लिहून मोकळा झाला. त्यात नायक कुंडात पोहतो आणि एक दिवस तिथे मनाईची पाटी लागते. कादंबरीत या गावातल्या लोकांची यथेच्छ टिंगल आहे. गावाने काय करावं? आगगाडीला बोच्चान नाव, बेसबॉलच्या मैदानाला बोच्चान नाव, तीन रंगांच्या डांगो या मिठाईला बोच्चान नाव. आपल्याकडे एव्हाना पुतळा जाळला असता.

कुत्सित_काका

>> आपल्याकडे एव्हाना पुतळा जाळला असता.

आधी उभारला असता, मग जाळला असता.

रूळप्रेमी

धाग्यात बोच्चान गाडीचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

इयोतेत्सु १८८८ मध्ये सुरू झाली, मात्सुयामा ते मित्सु बंदर. जर्मनीहून आणलेली क्राउसची चिमुकली वाफेची इंजिनं आणि ७६२ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर). सोसेकीने तिला काडेपेटीची उपमा दिलीय. हा गेज ओळखीचा वाटतोय का? अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाइटचाच! बार्शी लाइट १८९७ ची, पुढे पंढरपूरपर्यंत गेली. इयोतेत्सुने नंतर रूळ रुंद करून घेतले, बार्शीवाल्यांना त्यासाठी एकविसावं शतक उजाडावं लागलं.

सध्याची बोच्चान गाडी म्हणजे त्या इंजिनाची प्रतिकृती, आत डिझेल. रोज धावतेच असं नाही, वेळापत्रक बघून जा. शेवटच्या थांब्यावर इंजिन फिरवायला टर्नटेबल नाही. कर्मचारी खालून जॅक लावून इंजिन उचलतात आणि हाताने ढकलून गोल फिरवतात. रानजाई, हे चुकवलंत तर मी बोलणार नाही.

दुसरं म्हणजे ओतेमाची. इथे ट्रामचे रूळ आणि लोकलचे रूळ काटकोनात एकमेकांना छेदतात, एकाच पातळीवर. फाटक पडतं आणि मोटारींच्या रांगेत ट्रामही मुकाट्याने थांबते. लोकल धडधडत निघून गेली की ट्राम पुढे. रूळांवरून रूळ ओलांडताना जो आवाज होतो तो रेकॉर्ड करून इथे टाकाल तर उपकार होतील.

रानजाई

रूळप्रेमी, आवाज रेकॉर्ड केलाय, पण मागे शाळकरी पोरांचा कलकलाट आहे. चालेल?

ट्रामचं थोडं नव्याने येणाऱ्यांसाठी. चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या. पैसे उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत, मोजून. नोट असेल तर त्याच यंत्रात आधी सुटे करून घ्यायचे, आणि ते गाडी थांबलेली असताना. खिशात नाणी असलेली बरी. ३ किंवा ५ नंबरची ट्राम दोगोला जाते. ४ नंबरची ट्रामच नाही.

तर दोगो. वैशाली, तुझा प्रतिसाद पाठ करून गेले. गं, सकाळी सहाला गेले! छतावरच्या मनोऱ्यात लाल काचांची खोली आहे, तिथे सहाला ढोल वाजतो आणि दार उघडतं. (दुपारी बारा आणि संध्याकाळी सहालाही वाजतो.) दाराशी रांग होती आणि त्यात पर्यटक थोडेच. बाकी गावातल्या आज्ज्या, हातात प्लॅस्टिकची टोपली, त्यात साबण-ब्रश, एकमेकींना वाकून नमस्कार, मग गप्पा.

इमारत १८९४ ची, तीन मजली, सगळी लाकडी, छपरांवर छपरं. २०१९ च्या जानेवारीपासून दुरुस्ती चालू होती, २०२४ च्या जुलैत पूर्ण उघडली. बाहेरून पाहताना संग्रहालय वाटतं, पण आत शिरलं की हा सरळ गावचा न्हाणीघाट आहे. दगडी कुंड, कोमट नव्हे चांगलं कढत पाणी, पाण्याला वास नाही. माझ्या शेजारच्या आजींनी कुठून आलात विचारलं. 'इंदो' म्हटल्यावर कुंडातल्या सगळ्या वळल्या. कोणीतरी 'कारी' (म्हणजे करी) म्हणालं, सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या पाण्यात बसून अवघडायला वावच नाही.

बाहेर पडले तर त्याच आजी. टोपलीतून दोन मिकान काढून हातात ठेवले आणि निघून गेल्या, मला 'आरिगातो'चं शेपूट म्हणायलाही वेळ दिला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी जातेय. आधी माझ्याकडे पाहायच्या ठिकाणांची यादी होती, तारखेवार. ती आता बाजूला पडलीये. रोज एका ठिकाणी, एका वेळेला, त्याच लोकांत जायचं ठरलं की अनोळखी गावात दिवसाला खुंटी मिळते. संध्याकाळही मग अंगावर येत नाही, सकाळी उठायचंय म्हणून नऊला झोप लागते. माझं ऐकाल तर एकटीने जाणाऱ्यांनी देवळं-किल्ले मागाहून ठरवावेत, आधी अशी एक जागा शोधावी. ती स्नानगृह असो, चहाचं दुकान असो, वाचनालय असो.

वैशाली_ओसाका

शाबास! आणि नंतर एकदा वरच्या दर्जाचं तिकीट काढ. युकाता (सुती अंगरखा) देतात, वरच्या मजल्यावर तातामी चटयांच्या हॉलमध्ये चहा आणि बिस्किटासारखी सेनबेई मिळते. अंघोळीनंतर तिथे पाय पसरून बसायचे पैसे असतात ते.

टोकियोकर

या इमारतीमागे एक छान माणूस आहे. दोगो गावाचा पहिला प्रमुख, इसानिवा युकिया. एवढा खर्च स्नानगृहावर? म्हणून गावकरी खवळले होते. शंभर वर्षांनंतरही ज्याची बरोबरी होणार नाही असं काहीतरी उभारायचं, हा त्याचा हट्ट. १९९४ मध्ये शंभर वर्षं झाली त्याच साली इमारतीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि अजूनही चालू आहे, हे महत्त्वाचं.

आण्णा_सातारकर

नमस्कार. मी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतो. आपण वर यात्रेच्या देवळाचा उल्लेख केलात त्याबद्दल उत्सुकता आहे. शिकोकूतली ही पदयात्रा वारीसारखी आहे असं कुठेसं वाचलं होतं. तसं आहे का?

रानजाई

आण्णा, काल इशितेजीला जाऊन आले, दोगोहून चालत पंधरा-वीस मिनिटं. ८८ देवळांच्या यात्रेतलं हे ५१ वं. एकट्या मात्सुयामात ४६ ते ५३ अशी आठ आहेत.

वारीसारखं म्हणाल तर पाय आणि नाम तेवढं सारखं. बाकी पुष्कळ वेगळं. दिंडी नाही, तिथी नाही. वर्षभर कोणी ना कोणी चालतच असतो, बहुधा एकटा. पोचायचं ठिकाण असं नाहीच, बेटाला प्रदक्षिणा आहे, साधारण १,२०० किलोमीटर, पायी चाळीस-पन्नास दिवस. बरेचजण आता बसने किंवा गाडीने करतात. पांढरा सदरा, गवती टोपी, हातात काठी. ती काठी म्हणजे कोबो दाइशी, म्हणजे कूकाई (७७४-८३५), ज्यांनी शिंगोन पंथ जपानात आणला. ते प्रत्येक यात्रेकरूसोबत चालतात अशी श्रद्धा. मुक्कामाला पोचलं की आधी काठीचा तळ धुवायचा, मग स्वतःचे पाय.

देवळाची गोष्ट ऐका. एमोन साबुरो नावाचा एक श्रीमंत, महाकंजूष माणूस. दारात आलेल्या भिक्षूला त्याने हाकललं, भिक्षापात्र फोडलं. पाठोपाठ त्याची आठही मुलं गेली. भिक्षू कोण होता ते कळल्यावर क्षमा मागायला तो बेटाभोवती फिरत राहिला. वीस फेऱ्या झाल्या, गाठ नाही. एकविसाव्या वेळी उलटा निघाला, तेव्हा मरणाच्या दारात असताना दाइशी भेटले. त्यांनी त्याच्या मुठीत नाव लिहिलेला खडा ठेवला. पुढे इथल्या सरदाराच्या घरी मूठ मिटलेलं मूल जन्मलं, मूठ उघडली तर आत तोच खडा. तो देवळात ठेवलाय. म्हणून लीप वर्षात उलटी प्रदक्षिणा केली तर पुण्य जास्त.

देवळाचं निओमोन दार १३१८ चं, राष्ट्रीय ठेवा. मागे डोंगरात बोगदा आहे, अंधारा, ओल गळणारा, दोन्हीकडे मूर्तीच मूर्ती. एकटीने जाताना जरा टरकले. बाहेर आल्यावर दारात भाजलेली मोची घेतली, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. दाशी नाही :)

आण्णा_सातारकर

फार सुंदर. काठी आधी धुवायची हे मनाला भिडलं. वाटेत जेवणाखाण्याची सोय कोण करतं?

टोकियोकर

आण्णा, त्याला ओसेत्ताई म्हणतात. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूला फळं, चहा, कधी पैसे, कधी झोपायला पडवी देतात. नाही म्हणायचं नसतं, कारण देणाऱ्याच्या दृष्टीने ते यात्रेकरूबरोबरच दाइशींना दिलेलं असतं. घेणारा बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी देतो. चिठ्ठीचा रंग फेऱ्यांप्रमाणे: पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत पांढरी, मग हिरवी, लाल, रुपेरी, सोनेरी आणि शंभरी गाठली की जरीची. जरीची चिठ्ठी मिळाली तर लोक ती घरात जपून ठेवतात.

पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही हेही ऐकलं असेल. एका थंड रात्री दाइशींना आसरा मिळाला नाही म्हणून ते पुलाखाली झोपले होते, तो पूल याच एहिमेत, ओझू गावात आहे. आजही कुठल्या पुलाखाली झोपले असतील तर झोपमोड नको.

८८ झाली की बरेच यात्रेकरू वाकायामातल्या कोयासानला जातात, दाइशींना सांगायला. आणि तिथे आपल्यासाठी एक ओळखीचा चेहरा आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं.

अभिवाचक

पुतळ्याचं माहीत नव्हतं. धागा माहितीपूर्ण होत चाललाय.

अवांतर: रानजाई, आलात हायकूसाठी आणि हायकूबद्दल चकार शब्द नाही?

रानजाई

येतेय येतेय. दोगो बागेत शिकीचं संग्रहालय आहे, ते पाहिलं. त्याच्या आजारपणातल्या वह्या, खाटेवरून काढलेली फुलांची चित्रं. शिवाय हा बाबा बेसबॉलवेडा. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, मरून शंभर वर्षं झाल्यावर. १८९५ मध्ये आजारी होऊन गावी आला तेव्हा सोसेकीच्याच भाड्याच्या घरात तळमजल्यावर राहिला. खाली रोज कवींचा अड्डा. वर सोसेकी बिचारा वाचायला बसलेला, शेवटी तोही खाली येऊन हायकू करायला लागला.

पण मला संग्रहालयापेक्षा पेट्या आवडल्या. गावभर हायकूच्या टपालपेट्या आहेत. किल्ल्यावर, ट्रामच्या थांब्यांवर, देवळांत, हॉटेलांत. शेजारी कोरे कागद आणि पेन्सिल. लिहा आणि टाका. ठरावीक काळाने उघडतात, निवडक छापतात. दर ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची देशभरातली हायकू स्पर्धा इथेच भरते, १९९८ पासून. दोन संघ समोरासमोर बसून एकमेकांच्या हायकूंची चिरफाड करतात.

मीही दोगोजवळच्या पेटीत टाकला. वर मराठी, खाली मोडका इंग्रजी अर्थ:

रिकामी ट्राम
शेवटच्या थांब्याशी
उतरे ऊन

अभिवाचक

छान! पाच-सात-पाच पाळलंत. मात्र मराठीत अक्षरं मोजण्यात अर्थ आहे का, हा जुना वाद. जपानी मात्रा आणि आपलं अक्षर एक नव्हे. शिरीष पैंनी अक्षरांचा काच फारसा मानला नाही, क्षणाची पकड महत्त्वाची मानली, आणि तेच बरोबर वाटतं.

प्राजक्ता_बदलापूर

माझाही घ्या, रानजाईताईंना अर्पण:

दाशीच दाशी
विचारून दमले
केळं बरं गं

निशाचर

=)) हा पेटीत टाकाच.

कुत्सित_काका

क्योतो हुकलं
दुःख नाही कसलं
ढोल वाजला

(मोजून घ्या. पाच-सात-पाच आहे.)

रूळप्रेमी

काका पाघळले! तारीख नोंदवून ठेवा.

मंगल_मावशी

बाकी सगळं ठीक, पण भूकंपाचं काय? एकटी आहेस, भाषा येत नाही. बातम्यांत सारखं असतं.

टोकियोकर

मावशी, काळजी रास्त आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये एहिमेच्या दक्षिण भागालगत, बुंगो सामुद्रधुनीत ६.६ तीव्रतेचा झाला होता. ताई, जपान सरकारच्या पर्यटन खात्याचं 'सेफ्टी टिप्स' हे ॲप टाकून घ्या, इंग्रजीत इशारा देतं. रात्री चपला, टॉर्च आणि पासपोर्ट उशाशी. हलायला लागलं तर बाहेर पळायचं नाही, टेबलाखाली डोकं झाकून बसायचं. समुद्राकाठी असाल तर मात्र हलणं थांबताच उंचावर चालू लागायचं, कोणाची वाट बघायची नाही.

रानजाई

मावशी, टाकलं हो ॲप. खोलीच्या दारामागे बाहेर पडायचा नकाशाही आहे, तोही पाहून ठेवला.

आज मित्सुहामाला गेले होते, रूळप्रेमींच्या १८८८ च्या मार्गाने. जुनं बंदर, बंद पडलेली गोदामं, मध्येच एखादं नवं कॉफीचं दुकान. तिथे खाडी ओलांडायला नगरपालिकेची होडी आहे, अंतर जेमतेम ८० मीटर, पैसे नाहीत. कागदोपत्री तो पालिकेचा रस्ताच आहे, फक्त पाण्यावरून जातो. होडी पलीकडे असेल तर घंटेचं बटण दाबायचं, नावाडी येतो. पंधराव्या शतकापासून ही फेरी चालू आहे म्हणतात, कवी इस्साही हिच्यातून गेल्याचं सांगतात. मी एकटीच उतारू. पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लगेच परत आले. नावाड्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

किल्लाही झाला. १३२ मीटरच्या टेकडीवर आहे. रोपवे आणि एका माणसाच्या खुर्च्यांची चेअरलिफ्ट, तिकीट एकच. खुर्ची घ्या, पाय लोंबकळत मजेत जाता येतं, खाली जाळी आहे. जपानात मूळचे म्हणून उरलेले बारा बालेकिल्ले, त्यांतला हा एक. विजेने जळाल्यावर १८५४ मध्ये पुन्हा बांधून झाला. वरून समुद्र आणि बेटं दिसतात. किल्ला म्हणून आपल्या डोळ्यांना जरा नाजूकच वाटतो, पण लाकूडकाम बघत राहावं असं.

उद्या शिमोनादा. समुद्राला चिकटलेलं एका फलाटाचं स्टेशन, जेआरने तासाभरावर.

रूळप्रेमी

शिमोनादाला गाड्या फार कमी आहेत. उतरल्याबरोबर परतीची वेळ बघा, नाहीतर दोनेक तास समुद्रच बघत बसाल. (मला चालेल.)

प्राजक्ता_बदलापूर

ताई, खरंच विचारतेय. आईला घेऊन पुढच्या वर्षी यायचा विचार आहे. ती ७४, गुडघे दुखतात. किल्ला आणि अंघोळ जमेल? सामान कसं न्यायचं?

वैशाली_ओसाका

सामान ताक्क्युबिन या कुरिअर सेवेने पुढच्या हॉटेलवर पाठव. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरून देतात, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतं. हातात एका रात्रीची पिशवी ठेवायची. किल्ल्याला रोपवेनंतरही चढण आहे आणि बालेकिल्ल्यातले जिने शिडीसारखे उभे. आईंना वरच्या पटांगणात बाकावर बसव, तू आत जाऊन ये.

रानजाई

अंघोळीचं: स्टुलं फार बुटकी, गुडघ्यांना त्रास होईल. कुंडात उतरायला पायऱ्या आहेत, पण ओल्या. तू सोबत असशील तर जमेल, सकाळच्या गर्दीत मात्र नको, दुपारी ने. नाहीच जमलं तर दोगो स्टेशनसमोर, घड्याळातून बोच्चानमधली पात्रं बाहेर येतात त्या मनोऱ्याशेजारी, पाय बुडवून बसायचं कुंड आहे. फुकट. टॉवेल आपला न्यायचा.